बारा दिवस आणि सहा मतं

२८ एप्रिल १९९६ रोजी ऑस्ट्रेलियात पोर्ट आर्थरला एका माथेफिरूने गोळ्या घालून ३५ माणसं मारली. बाराव्या दिवशी पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांनी सगळ्या राज्यांना एका करारावर आणलं. बहुतेक सेमी-ऑटोमॅटिक (एक गोळी सुटताच पुढची आपोआप भरणाऱ्या) रायफलींवर बंदी, परवान्याला सबळ कारण हवं (स्वसंरक्षण चालत नाही), आणि सरकारने पैसे मोजून साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका परत घेतल्या. हॉवर्ड उजव्या पक्षाचे, हे विशेष.

अमेरिकेत २०१२ साली सँडी हूक शाळेत गोळीबारात २० मुलं आणि ६ मोठी माणसं गेली. तिथे बंदी तर सोडाच, बंदुकांच्या प्रदर्शनांतल्या आणि ऑनलाइन विक्रीतही खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची चौकशी करा, एवढंच सांगणारी विधेयकातली दुरुस्तीही २०१३ मध्ये सिनेटमध्ये अडली. मतं ५४, हवी होती ६०. अमेरिकेच्या घटनेत शस्त्राचा हक्क आहे, ऑस्ट्रेलियाच्या नाही. म्हणजे तुलना थोडी असमानच. पण चौकशीने तो हक्क कुठे बुडतो, हे मला आजवर उमगलेलं नाही.