जुन्या व्हिडिओ कॅसेट कमी खर्चात कॉम्प्युटरवर: कुठली वाट धरावी?

व्हीएचएस कॅसेट कॉम्प्युटरवर घ्यायच्या ठरल्या की बहुतेक जण आधी यूएसबी डोंगल, म्हणजे व्हीसीआरचं चित्र कॉम्प्युटरला देणारी छोटी डबी, मागवतात आणि मग व्हीसीआर शोधायला लागतात. मीही तेच केलं. खरं तर हातात पैसे थोडे असतील तर त्यातला मोठा वाटा कॅसेट चालवणाऱ्या यंत्रावर जायला हवा, कॉम्प्युटरला जोडायच्या डबीवर नाही.

कारण साधं आहे. फीत कधीच अगदी एका वेगाने सरकत नाही. ती किंचित ताणली जाते, सैल पडते, फीत वाचणाऱ्या हेडवरून जाताना थरथरते. त्यामुळे चित्राची प्रत्येक आडवी रेष थोडी लवकर किंवा थोडी उशिरा येते. जुना टीव्ही हे निमूटपणे सांभाळून घ्यायचा. कॅप्चर डोंगलला ते जमत नाही: त्याचा ताल चुकला की तो फ्रेम गाळतो, आणि तासाभराने ओठ एकीकडे, आवाज दुसरीकडे. म्हणजे खराब व्हीसीआरला महागडं डोंगल लावून काही साधत नाही. उलट चांगल्या व्हीसीआरला साधं डोंगल लावलं तरी बऱ्यापैकी काम होतं. अडचण एवढीच की नवा व्हीसीआर मिळत नाही. शेवटपर्यंत तग धरलेल्या फुनाई कंपनीनेही जुलै 2016 मध्ये उत्पादन थांबवलं. तेव्हा उसना मागा किंवा वापरलेला घ्या, आणि घेण्याआधी एक बिनमहत्त्वाची कॅसेट त्यात पूर्ण चालवून बघा.

आधी कॅसेट ओळखा

व्हीएचएस, व्हीएचएस-सी, व्हिडिओ-8 आणि हाय-8 या ॲनालॉग. डिजिटल-8 आणि मिनी-डीव्ही या मुळातच डिजिटल. हा फरक सगळ्यात मोठा, कारण मिनी-डीव्हीचं चित्र आकड्यांच्या रूपातच फितीवर असतं. ते फायरवायरने, म्हणजे अशा कॅमेऱ्यांवर असलेल्या डिजिटल जोडणीने, जसंच्या तसं उतरवायचं असतं. एका तासाला साधारण 13 जीबी लागतात आणि गुणवत्तेत काहीही कमी होत नाही. तीच कॅसेट कॅमेऱ्याच्या पिवळ्या पिनेतून डोंगलला द्यायची म्हणजे झेरॉक्सची झेरॉक्स काढायची. कॅमेऱ्याला यूएसबी पोर्ट असला तरी भुलू नका, तो बहुतेकदा फोटोंसाठी किंवा हलक्या दर्जाच्या चित्रासाठी असतो. एका टोकाला यूएसबी आणि दुसऱ्या टोकाला फायरवायर असलेली नुसती वायरही मिळते. ती घेऊ नका. दोन्हींची बोलण्याची पद्धतच वेगळी, पिन बदलून ती जुळत नाही. डेस्कटॉपमध्ये फायरवायर कार्ड बसवणं हाच स्वस्त उपाय. जुना मॅक घरात असेल तर उत्तम, पण त्याची सिस्टिम अपडेट करू नका, कारण मॅकओएसच्या 2025 च्या टाहो आवृत्तीत ॲपलने फायरवायरचा आधार काढून टाकला. उतरवण्यासाठी विंडोजवर विनडीव्ही आणि लिनक्सवर डीव्हीग्रॅब हे फुकटचे प्रोग्राम पुरतात.

हाय-8 आणि व्हिडिओ-8 वाल्यांसाठी एक छान आडवाट आहे. सोनीने 1999 मध्ये आणलेल्या डिजिटल-8 कॅमेऱ्यांपैकी काही मॉडेल या जुन्या ॲनालॉग कॅसेटही चालवतात आणि चित्र आतल्या आतच डिजिटल करून फायरवायरने बाहेर देतात. रेषांची थरथरही आतच सावरली जाते. काहींना बाहेरून व्हीसीआर जोडून व्हीएचएसही याच वाटेने उतरवता येते. पण युरोपात विकल्या गेलेल्या पुष्कळ मॉडेलांत हे इनपुट मुद्दाम बंद ठेवलं होतं, कारण इनपुट असलेला कॅमेरा आयातकराच्या हिशेबात व्हिडिओ रेकॉर्डर ठरायचा. म्हणून नुसत्या नावावर जाऊ नका, नेमका मॉडेल क्रमांक तपासा.

व्हीएचएससाठीच्या वाटा

यूएसबी डोंगल सगळ्यात स्वस्त. ईझीकॅप या नावाने मिळणाऱ्या डब्या बाहेरून जुळ्या भावंडांसारख्या दिसतात, आत मात्र चिप वेगवेगळ्या असतात, त्यामुळे एकाला आलेला अनुभव दुसऱ्याला येईलच असं नाही. सोबतच्या सीडीतला प्रोग्राम बाजूला ठेवा आणि व्हर्च्युअलडब या प्रोग्रामने रेकॉर्ड करा. किती फ्रेम गळल्या ते तो आकड्यात दाखवतो. कॅसेट पाल या (भारतातल्या) टीव्ही पद्धतीची असेल तर 720 बाय 576 आणि सेकंदाला 25 फ्रेम, एनटीएससी (अमेरिका, जपानची पद्धत) असेल तर 720 बाय 480 आणि 29.97. व्हीएचएसमध्ये आडवा तपशील जेमतेम 240 रेषांचा असतो, म्हणून 1080 रेषांच्या एचडीची स्वप्नं बघण्यात अर्थ नाही. जरा स्वच्छ चित्र देणारी एस-व्हिडिओची गोल पिन एस-व्हीएचएस या वरच्या दर्जाच्या यंत्रावर मिळते. साध्या व्हीसीआरला बहुधा पिवळीच असते, तिचं दुःख करू नका.

दुसरी वाट आहे ॲनालॉगचं एचडीएमआय करणारी छोटी डबी आणि पुढे एचडीएमआय कॅप्चर डोंगल. दिसायला सोपी, ओबीएस हा रेकॉर्डिंगचा प्रोग्राम लगेच चित्र पकडतो. मला ती अजिबात पटत नाही. डबी चित्र ताणून मोठं करते आणि इंटरलेस्ड चित्राच्या, म्हणजे एकाआड एक रेषांच्या दोन अर्ध्या चित्रांत येणाऱ्या फ्रेमच्या, रेषा घाईघाईने एकत्र शिवते. वर पालच्या सेकंदाला 50 अर्ध्या चित्रांची 60 करताना हालचालीत गचके येतात, आणि कधीकधी चौकोनी चित्र रुंद होऊन माणसं जाडी दिसतात. एकदा असं झालं की मागे फिरता येत नाही.

कॉम्प्युटरशिवाय थेट मेमरी कार्डावर रेकॉर्ड करणारे स्वतंत्र डबेही आहेत. तांत्रिक भानगड नको असलेल्याला ते सोयीचे. फाइल मात्र दाबलेली (कॉम्प्रेस केलेली) मिळते, आणि फ्रेम गळल्या तरी कळत नाही.

आणि मग माझा लाडका प्रकार: जुना डीव्हीडी रेकॉर्डर. त्याच्यावर डीव्हीडी काढायची तर तासाला एक डिस्क या मोडमध्येच काढा. चार तासांच्या मोडमध्ये चित्राचा चोथा होतो. पण त्याचा खरा उपयोग वेगळाच आहे. डीव्हीडी काढायचीच नाही. व्हीसीआरची वायर त्याच्या इनपुटला, त्याचं आउटपुट डोंगलला. जाताजाता तो वाकड्यातिकड्या रेषा सरळ करून पुढे देतो. हे काम करणारं व्यावसायिक यंत्र, म्हणजे टाइम बेस करेक्टर, फार महाग पडतं. सगळेच रेकॉर्डर हे करत नाहीत, पण पॅनासोनिकचं डीएमआर-ईएस10 याच कामासाठी हौशी मंडळींत प्रसिद्ध आहे. वरच्या कडेला झेंड्यासारखं फडफडणारं चित्र त्यातून गेल्यावर जागेवर बसलेलं पाहिलं तेव्हा मी खुर्चीतून उठलोच होतो.

सोल्डरिंगची भीती नसेल त्यांच्यासाठी व्हीएचएस-डिकोड हा मुक्त प्रकल्प आहे. यात व्हीसीआर उघडून हेडजवळचा कच्चा सिग्नलच पकडतात आणि पुढचं सगळं काम सॉफ्टवेअर करतं. निकाल फार सुंदर येतो. पण तासाला 100 जीबीच्या आसपास कच्चा डेटा साठतो आणि वेळही भरपूर जातो. पहिल्याच कॅसेटला याच्या नादी लागू नका.

राहिली बाहेरून करून घेण्याची सेवा. फितीवर पांढरी बुरशी दिसत असेल किंवा फीत तुटली असेल तर तिकडेच जा. बुरशीची कॅसेट घरच्या व्हीसीआरमध्ये घातली तर ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या प्रत्येक कॅसेटला. देण्याआधी एवढं विचारा: फाइल कुठल्या स्वरूपात देणार, पैसे कॅसेटमागे की तासामागे, आणि मूळ इंटरलेस्ड फाइल मिळेल का.

मग घ्यायचं काय?

दोन-तीन कॅसेट असतील तर सेवा. यंत्रं गोळा करण्यात त्याहून जास्त जाईल. दहा-वीस व्हीएचएस असतील तर उसना व्हीसीआर, डीव्हीडी रेकॉर्डर आणि साधं डोंगल. मिनी-डीव्ही असेल तर फायरवायर, दुसरा विचारच नको. वेळेचा हिशेब मात्र आधी मांडा. तीन तासांची कॅसेट तीनच तासांत उतरते, घाई करायची सोय नाही. वीस कॅसेट म्हणजे 60 तास.

डिस्कवर जागाही लागते. काहीही न दाबता पाल चित्र घेतलं तर तासाला सुमारे 75 जीबी. हफवायूव्हीसारख्या लॉसलेस, म्हणजे काहीही न गमावता फाइल दाबणाऱ्या, कोडेकने ते निम्म्याच्या आसपास येतं. ही मूळ फाइल जपा आणि नातेवाइकांना पाठवायला त्यातूनच छोटी एमपी4 काढा. इंटरलेस्ड चित्राच्या रेषा जुळवण्याचं काम या दुसऱ्या टप्प्यात करा, प्रत्येक अर्ध्या चित्राची एक फ्रेम करून, म्हणजे पालला सेकंदाला 50 फ्रेम ठेवून.

काम झालं की व्हीसीआर आणि रेकॉर्डर पुन्हा विकता येतात, त्यामुळे खरा खर्च दिसतो त्यापेक्षा कमी असतो. फक्त विकण्याआधी प्रत्येक फाइल शेवटपर्यंत बघा. माझ्या एका फाइलमध्ये चाळिसाव्या मिनिटापासून आवाजच नव्हता, आणि तोवर व्हीसीआर दुसऱ्याच्या घरी पोचला होता.