ब्ल्यूबर्डच्या पेटीचा आठ महिन्यांचा अनुभव

ब्ल्यूबर्ड या छोट्या निळ्या पक्ष्याने घरटं करावं म्हणून बागेत लावायची ही लाकडी पेटी. जानेवारीत मागवलेली, आता सप्टेंबर, म्हणजे एक अख्खा सीझन वापरून झालाय, म्हणून लिहितोय. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो, मागे छोटं लॉन आणि त्याच्या पलीकडे पाइनची झाडं.

पेटी सीडरची, समोरची फळी उघडते, भोक दीड इंचाचं. हे दीड इंच बरोबर आहे ना ते बघूनच घ्या, कारण त्यातून स्टार्लिंगला (मैनेच्या कुळातला, घरटी बळकावणारा पक्षी) शिरता येत नाही. पण भोकाखाली बसायला एक दांडी लावून दिलीये. ब्ल्यूबर्डला तिची काही गरज नसते, उलट चिमण्यांची सोय होते. पहिल्याच दिवशी करवतीने उडवली. एक स्टार तिथेच गेला.

झाडाला ठोकू नका, लोखंडी पोल घ्या आणि पोलला पत्र्याचा बॅफल, म्हणजे खालून कोणी वर चढू नये म्हणून अडथळा, लावा. मला तो उगाच खर्च वाटला होता, पण मे महिन्यात एका सकाळी हा भलामोठा काळा रॅट स्नेक पोलवर चढला, बॅफलपाशी डोकं आपटत बसला आणि गुमान उतरून गेला. पैसे वसूल.

आता पक्षी. नर पाठीवरून असा निळा की उन्हात बघत राहावं, छाती विटकरी, पोट पांढरं. कुंपणावर गप्प बसून गवतात किडा हेरतो, टपकन खाली, उचलून परत वर. त्यामुळे दाणे टाकून हा येत नाही, मी दोन महिने सूर्यफुलाच्या बिया टाकून खारींना पोसलं. मग वाळक्या मीलवर्म (किड्याच्या अळ्या) कोमट पाण्यात भिजवून ठेवायला लागलो आणि लॉनवरचा किडेमार स्प्रे बंद केला, तेव्हा कुठे जोडी रेंगाळायला लागली. मार्चअखेर मादीने पाइनच्या सुयांचं सुबक घरटं केलं. नर नुसताच काडी तोंडात धरून आतबाहेर करतो हो, बांधते तीच! रोज एक करत पाच फिकट निळी अंडी.

आणि मग आई आली साताऱ्याहून. तिला डेकवर चिमण्या दिसल्या, झाली खूष, रोज सकाळी मूठभर तांदूळ. तिकडे चिमण्या कमी झाल्या म्हणून आपल्या नाशिकच्या मोहम्मद दिलावरांनी 2010 पासून चिमणी दिवस सुरू केला आणि इथे तीच चिमणी 1850 च्या दशकात ब्रुकलिनमध्ये आणून सोडलेली, आता ब्ल्यूबर्डची पक्की वैरीण. ही चिऊताई दार उघड म्हणत बसत नाही, सरळ आत घुसते. एका शनिवारी फळी उघडली तर पाचही अंडी फोडलेली, वर तिच्या गवताचा आणि पिसांचा पसारा. आईला सांगताना जीव नको झाला.

तांदूळ बंद. चिमणीचा पसारा काढून टाकला (इथे तिला कायद्याचं संरक्षण नाही, ब्ल्यूबर्डला आहे, त्याच्या घरट्याला हात लावायचा नाही). मेमध्ये जोडी परत आली, पहिलं अंडं पडल्यावर पेटीवर चमकदार प्लास्टिकच्या पट्ट्या लोंबत्या सोडल्या, त्याला चिमण्या बिचकतात, ब्ल्यूबर्ड नाही. पण अंड्याआधी लावू नका, जोडीच बिचकून जाईल. चार अंडी, साधारण दोन आठवडे उबवणी, चारही पिल्लं अठराव्या दिवशी उडाली. बाराव्या दिवसानंतर फळी उघडायची नाही, पिल्लं वेळेआधीच बाहेर उडी मारतात.

आता पेटी साफ करून तशीच ठेवलीये, थंडीत रात्री ब्ल्यूबर्ड आत एकत्र झोपतात म्हणे. चार स्टार. आईला मात्र अजून पटलेलं नाही. परवा फोनवर म्हणाली, "चिऊताई असं करणारच नाही, कावळाच असणार तो."