पूर्णवेळ वर्ग की नोकरी सांभाळून ऑनलाइन?

ग्रंथालय व माहितीशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं तर पूर्णवेळ वर्गाचा मोठा फायदा म्हणजे वर्गीकरण आणि तालिकीकरण (पुस्तकाची तपशीलवार नोंद करणं) सतत हाताखालून जातं. एकाच पुस्तकाला तिघांनी तीन वर्गांक (विषयानुसार दिलेले क्रमांक) दिले की वाद होतो, आणि त्या वादातच विषय कळतो. दशांश वर्गीकरण पद्धत तयार करणारे मेल्विल ड्युई यांनी १८८७ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात ग्रंथालयशाळा सुरू केली, तेव्हाही प्रत्यक्ष कामावर भर होता.

नोकरी करत ऑनलाइन शिकणाऱ्याला असे सोबती कमी मिळतात, पण समोर वाचक असतो. तो मागतो एक आणि त्याला हवं असतं भलतंच. नेमकं काय हवं ते प्रश्न विचारून काढून घेणं काउंटरवरच जमतं. मार्क म्हणजे पुस्तकाची माहिती संगणकात भरायचा ठरलेला साचा; त्या नोंदीत २४५ क्रमांकाच्या रकान्यात शीर्षक, ६५० मध्ये विषय, हेही रोज भरून पाठ होतं. ग्रंथालयाचं कामकाज चालवणारी कोहासारखी मुक्त संगणक प्रणाली तर घरच्या संगणकावरही बसवता येते. अडचण वेळेची: प्रबंध हमखास मागे पडतो.

ग्रंथालयात कधीच काम केलं नसेल, तर मी पूर्णवेळच सुचवेन. दोन-तीन वर्षं काउंटर सांभाळला असेल, तर नोकरी सोडू नका. फक्त केलेल्या नोंदी कुणा जाणत्याकडून तपासून घ्या.