पोस्टर कलरचा सहा बाटल्यांचा सेट: लहान मुलांच्या हाती द्यावा का?

तीन ते सहा वर्षांच्या मुलांसोबत घरी ठसे, दोऱ्याची नक्षी, पणत्या असलं काही करायचं असेल, तर १० मिलीच्या सहा बाटल्यांचा पोस्टर कलरचा सेट घ्यावा. वॉटर कलरच्या वड्या या वयात कामाच्या नाहीत. ब्रश घासून घासून मूल कंटाळतं आणि कागदावर रंग फिकाच उतरतो. अॅक्रिलिक दिसायला छान, पण एकदा वाळलं की कपड्यावरून निघत नाही.

सेटमधला पांढरा सगळ्यांत आधी संपतो, कारण प्रत्येक फिकी छटा त्यातूनच बनते. त्याची मोठी बाटली सुटी घ्यावी. हिरव्याची खरं तर गरज नसते. काळा मात्र सुरुवातीला कपाटातच राहू द्या, त्याचा एक थेंब सगळी ताटली मळकट करतो. लालमध्ये निवड असेल तर क्रिमसन, म्हणजे किंचित निळसर झाक असलेला गडद लाल घ्या. त्यात निळा मिसळून जांभळा मिळतो, शेंदरी लालातून नुसता तपकिरी चिखल होतो.

भेंडीचे ठसे हे या रंगाचं सर्वांत चांगलं काम. भेंडी देठाकडून दोन बोटं सोडून आडवी कापा, चिकट रस फडक्याने टिपा आणि दहा मिनिटं तशीच ठेवा. ओल्या रसावर रंग धरत नाही, ठसा घसरतो. एक चमचा रंगात दोन-तीन थेंबच पाणी घालून तो ओल्या, घट्ट पिळलेल्या स्पंजच्या तुकड्यावर पसरा आणि भेंडी त्यावर टेकवून मग कागदावर दाबा. थेट ताटलीत बुडवली तर बियांचे कप्पे रंगाने भरतात आणि चांदणीऐवजी गोळा उमटतो. कागद ड्रॉइंगचा जाड हवा. झेरॉक्सचा कागद ओला झाला की सुरकुततो.

घडीच्या फुलपाखरासाठी रंग थोडा पातळ करा, साधारण दह्याइतका. कागद आधी दुमडून उघडायचा, रंगाचे थेंब घडीजवळ एकाच बाजूला टाकायचे आणि पुन्हा मिटून घडीकडून बाहेर हात फिरवायचा. उलट फिरवला तर सगळा रंग घडीत जमतो. फार जाड थर वाळल्यावर तडकतो, हा पोस्टर कलरचा स्वभावच आहे.

पणत्यांवर हा रंग निम्मा गुण मिळवतो. भाजलेली माती पाणी शोषते, म्हणून आधी पांढऱ्याचा एक हात देऊन तो पूर्ण वाळू द्यावा लागतो. तरी बोट ओलं असेल तर रंग हाताला येतो. चार भाग रंगात एक भाग फेविकॉल घातल्यास तो बराच टिकतो, पण मग ब्रश लगेच धुवा, आणि कपड्यावर पडला तर धुऊन निघण्याची आशा सोडा. तेल मातीतून झिरपून बाहेर डाग पाडतं, तेव्हा अशी पणती शोभेची समजावी. खरंच लावायच्या पणतीची कड तरी कोरी ठेवा.

कपड्यावर सांडलेला साधा पोस्टर कलर वाळायच्या आत गार पाण्याने धुवा. लाल आणि निळ्याची हलकी छटा तरीही राहू शकते. ताटलीतला पाणी घातलेला रंग बाटलीत परत ओतू नका, आतल्या रंगाला बुरशी येते. झाकण घट्ट बसलं असेल तर बाटलीचं तोंड कोमट पाण्यात धरा.

बोटं तोंडात घालणाऱ्या, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी मात्र हा सेट नको. त्यांच्यासाठी फिंगर पेंट विकत घेणार असाल तर आयएसआय खूण पाहून घ्या. आयएस ९८७३ या खेळण्यांच्या मानकाचा सातवा भाग याच रंगांसाठी आहे. घरी करायचं असेल तर दोन मोठे चमचे कॉर्नफ्लोअर आधी थोड्या गार पाण्यात कालवा, एक कप पाण्यात मंद आचेवर खळीसारखं शिजवा, गार झाल्यावर खाण्याचा रंग घाला. फ्रिजमध्ये ठेवलं तरी दोन-तीन दिवसांतच संपवा. हळद घालायचा मोह टाळा, तिचा डाग कपड्यावरून जात नाही.