होम जिमचा सेट घेताय? पैसे देण्याआधी काट्यावर चढवा

व्यायामाचं सामान किलोच्या हिशोबाने विकलं जातं, पण ते मोजून घेण्याची पद्धत आपल्याकडे नाही. भाजीवाल्याच्या काट्याकडे आपण डोळे लावून उभे राहतो आणि '२० किलो' छापलेली पेटी मात्र तशीच घरात घेतो. काही विक्रेते नेमकं हेच हेरून बसलेत. आमच्या घरात जे घडलं ते सविस्तर लिहितोय, कारण सध्या भरतीची तयारी करणाऱ्या कितीतरी घरांत असेच सेट पोहोचत असणार.

माझी भाची पोलीस भरतीची तयारी करतेय. मुलींची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. ८०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. यात निम्मे गुण मिळाल्याशिवाय लेखी परीक्षेला बोलावणं येत नाही. धावायला गावाबाहेरचा रस्ता आहे, पण हाता-खांद्याची ताकद आणि गोळा यांसाठी सामान लागतं. भरतीची तयारी करून घेणारी अकादमी लांब, एसटीच्या वेळा अडनिड्या. म्हणून ताईच्या घरीच, मागच्या पडवीत, सोय करून द्यायचं ठरलं.

मोबाईलवर एक जाहिरात सारखी येत होती: 'मेरठचा माल, फॅक्टरी रेट'. मेरठ आणि जालंधर ही खेळाच्या सामानाची देशातली मोठी केंद्रं आहेत, त्यामुळे ही नावं घेतली की लोकांचा विश्वास बसतो. हे त्या विक्रेत्यालाही ठाऊक असणार. २० किलोच्या पीव्हीसी (प्लास्टिकच्या कवचाच्या) प्लेटी, १४ इंची दोन डंबेल रॉड, एक ३ फुटी रॉड, '१६ गेज पाइपचं' बेंच, दोरी आणि मुलींच्या भरतीचा ४ किलोचा गोळा, असं सगळं मिळून ६,८०० रुपये. अर्धे आधी यूपीआयने, अर्धे माल आल्यावर. फोनवरचा माणूस गोड बोलणारा होता. ताईला शुगर आहे हे कळल्यावर त्याने '४ एचपीची' ट्रेडमिलसुद्धा गळ्यात मारायचा प्रयत्न केला. ती साध्या ६ अँपिअरच्या प्लगवर चालते, वेगळं वायरिंग नको, असं तो दोनदा म्हणाला. तेव्हाच मला खटकलं. एक एचपी म्हणजे ७४६ वॅट, चार म्हणजे जवळपास ३,००० वॅट. ६ अँपिअरच्या प्लगमधून २३० व्होल्टला मिळतात जेमतेम १,३८० वॅट. जाहिरातीत लिहितात तो क्षणभराचा 'पीक' आकडा असतो. मोटर सतत किती एचपी देते हे विचारलं की गाडी दुसऱ्या विषयावर जाते. ट्रेडमिल आम्ही घेतली नाही.

बाकीचा माल ट्रान्सपोर्टने आला. गोडाऊनवर उरलेले पैसे ऑनलाइन भरल्याशिवाय पेटी हातात देत नव्हते. म्हणजे उघडून बघायला वावच नाही, आणि ही सगळी मांडणी मुद्दामच तशी केलेली असते.

पोरगी झपाटून कामाला लागली. अंगणात फक्कीने रेषा आखल्या. गोळा रोज थोडा पुढे पडायचा, ताई मला फोनवर आकडे सांगायची. मग अकादमीत सराव चाचणी झाली आणि तिथे तिचा गोळा घरच्या रेषेच्या कितीतरी अलीकडे पडला. पुढच्या वेळीही तेच. घरी आली की परत लांब जायचा. तिने मला फोन केला, आवाज रडवेला. "मामा, मैदानावर गेलं की माझ्या हातातला जीवच जातो. मी घाबरट आहे का हो?" मी काय सांगणार? मनावर घेऊ नकोस म्हणालो. तिने मात्र मनावर घेतलं. सराव दुप्पट केला, सुट्टीचा दिवस बंद केला आणि उजवं मनगट सुजवून घेतलं.

शेवटी अकादमीतल्या सरांनी तिला घरचा गोळा घेऊन यायला सांगितलं. त्यांनी तो हातात घेतला, एकदा वरखाली केला आणि म्हणाले, "हा चारचा नाही बाळा."

ताईच्या गल्लीतल्या किराणा दुकानातल्या तात्यांकडे इलेक्ट्रॉनिक काटा आहे. अशा काट्यांची वैधमापन विभागाकडून (वजनं-मापं तपासणारं सरकारी खातं) दरवर्षी पडताळणी होते आणि त्यावर शिक्का असतो, त्यामुळे तिथलं वजन नाकारता येत नाही. गोळा भरला ३ किलो ३८० ग्रॅम. वरून बघून काही कळणं शक्य नव्हतं, कारण चार किलोच्या गोळ्याचा व्यास नियमाप्रमाणे ९५ ते ११० मिलिमीटर असतो आणि हाही त्यातच बसत होता. आतून पोकळ ठेवलेला, वर काळा रंग आणि पांढऱ्या अक्षरांत '४ किलो'.

मग प्लेटी आणल्या. २ लिहिलेल्या चारही प्लेटी १.६ किलोच्या आसपास. ३ लिहिलेल्या चारांतली एकही अडीच किलो भरेना, आणि त्यांच्यातही आपापसांत दोनशे ग्रॅमपर्यंत फरक. सगळ्या मिळून १६ किलोसुद्धा नाही. असा फरक रॉडच्या दोन टोकांना आला की रॉड एका बाजूला ओढतो आणि कंबर-खांदा वाकडा चालतो. एका प्लेटीचा कडेचा जोड उकलला होता. तात्यांनी ती कागदावर आपटली तर राखाडी भुकटी सांडली: सिमेंट आणि वाळू. पीव्हीसी प्लेटी अशाच भरतात, त्यात लपवण्यासारखं काही नाही. लोखंड सिमेंटच्या तिप्पट जड असतं, म्हणून त्याच वजनाची पीव्हीसी प्लेट जाडजूड दिसते. पण जाडी बघून वजनावर विश्वास बसतो, आणि आत भराव किती केलाय हे काट्याशिवाय कुणालाच समजत नाही.

बेंचचंही तेच निघालं. त्याच्या पायांच्या टोकाला प्लास्टिकचं बूच असतं. ते काढलं की पाइपची कड उघडी दिसते. शेजारच्या वेल्डरने जाडी मोजायचा व्हर्नियर लावला. गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो. १६ गेजची जाडी सुमारे १.६ मिलिमीटर असायला हवी, इथे १.२ सुद्धा पुरती नव्हती, म्हणजे १८ गेजपेक्षाही पातळ. अशा बेंचवर पाठीवर झोपून छातीवर वजन घ्यायचं म्हणजे जिवाशी खेळ आहे. ते आम्ही त्याच दिवशी वापरातून काढलं.

विक्रेत्याला काट्यावरचे फोटो पाठवले. आधी म्हणाला, पीव्हीसीत थोडंफार इकडेतिकडे होतंच. गोळ्याबद्दल विचारलं तर म्हणाला, तो 'प्रॅक्टिसचा' आहे. मग म्हणाला, माल परत पाठवा, भाडं तुमचं. भाडं विचारलं तर ते सामानाच्या किमतीच्या जवळ जाणारं. शेवटी त्याने नंबर ब्लॉक केला. बिल मागितलं होतं तेव्हा 'जीएसटी वेगळा पडेल' म्हणून टाळलं होतं, ते का, हे आता उघड झालं.

त्या पोरीचा विचार करून माझा जीव तुटतो. पैसे आज ना उद्या भरून निघतील. पण ती कितीतरी दिवस स्वतःलाच कमी समजत होती, आणि तिची ताकद होती तशीच होती. कमी होतं ते लोखंड.

पक्कं बिल नसलं तरी तक्रार करता येते. यूपीआयची नोंद, ट्रान्सपोर्टची पावती, सगळं चॅट आणि काट्यावरचे फोटो एवढं जपून ठेवा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. तिथे नोंद झाल्यावर आमचा विक्रेता लगेच दुसऱ्या नंबरवरून बोलला: अर्धे पैसे देतो, जाहिरातीखालची तुमची कॉमेंट काढा. ताईने सरळ नाही म्हणून सांगितलं. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता कुठल्याही राज्यातला असो. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, अर्ज ई-जागृती या ग्राहक तक्रारींच्या सरकारी पोर्टलवरून घरबसल्या भरता येतो, आणि मुदत दोन वर्षांची आहे. पेटीवर छापलं एक आणि आत भरलं दुसरं, हा वजनमापाचा गुन्हा आहे, म्हणून वैधमापन विभागाकडेही अर्ज दिला. बंद पेटीवर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, एमआरपी आणि तक्रारीसाठी संपर्क छापलेला लागतो. आमच्या पेटीवर नुसता एक लोगो आणि खोडलेला भाव होता.

नवीन गोळा आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणच्या दुकानातून घेतला. दुकानदाराने न कुरकुरता काट्यावर ठेवून दाखवला आणि बिलावर वजन लिहून दिलं. प्लेटी आता थोड्याच आहेत, पण बिडाच्या आहेत. बाकी जोर-बैठका आणि दोरी. मनगट बरं झालंय, सर सांगतात तेवढाच सराव चाललाय.

तक्रार आयोगात दाखल झालीय, तारीख लागायची आहे. 'फॅक्टरी रेट'चा असा सेट कुणाच्या घरी आला असेल तर आजच किराणा दुकानातल्या काट्यावर नेऊन बघा, आणि गोळा सगळ्यात आधी. मुलांचा ७.२६ किलोचा असतो, मुलींचा ४ किलोचा. कमी भरला तर प्लेटी-गोळा फेकू नका, पेटी आणि लेबलही ठेवा. तक्रारीत तेच दाखवावं लागतं.