हेडलाइटचा बिघाड शोधण्यासाठी टेस्ट लॅम्प की मल्टिमीटर?

कापसाच्या हंगामात यवतमाळ, वर्ध्याकडच्या रस्त्यांवर जिनिंगकडे निघालेल्या ट्रॅक्टरचा दिवा रात्री अचानक गेला, तर खिशातला टेस्ट लॅम्पच (वायर, चिमटा आणि टोकदार सळई जोडलेला छोटा बल्ब) पहिल्यांदा कामी येतो. त्याचा चिमटा बॅटरीच्या ऋण टोकाला लावून सळई फ्यूजच्या दोन्ही बाजूंना, मग स्विचला आणि शेवटी बल्बच्या होल्डरला टेकवत गेले की प्रवाह नेमका कुठे तुटला, हे मिनिटभरात समजते. उंदराने कुरतडलेली वायरही अशीच सापडते.

दिवा लागतो पण मिणमिणता, असा दोष असेल तर मात्र टेस्ट लॅम्प फसवतो. त्याचा ५ वॉटचा बल्ब अर्धा अँपिअरही घेत नाही, तर हेडलाइटचा ५५ वॉटचा बल्ब साडेचार अँपिअरच्या आसपास ओढतो, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही टेस्ट लॅम्प छान उजळतो. येथे व्होल्ट आकड्यात दाखवणारा मल्टिमीटरच हवा, आणि तोही दिवा चालू ठेवून, कारण भार नसताना खराब वायरही पूर्ण १२ व्होल्ट दाखवते. बल्बचे अर्थ टोक (प्रवाह सांगाड्यातून बॅटरीकडे परत नेणारी जोडणी) आणि बॅटरीचे ऋण टोक यांमध्ये १ व्होल्ट दिसला, तर दोष अर्थमध्ये आहे. काळ्या मातीचा चिखल सुकून बसलेल्या बोल्टखाली तो बहुधा सापडतो. बल्बला १२ ऐवजी साडेदहा व्होल्ट मिळाले, तर उजेड सुमारे एक तृतीयांशाने घटतो, आणि माणूस उगाच नवा बल्ब आणतो.

एकच घ्यायचे झाल्यास मी मल्टिमीटर घेईन.