गोवा आणि पुदुच्चेरी: नागरिकत्व बदलण्याच्या दोन तऱ्हा

वसाहत गेली की माणसं कुणाची? पुदुच्चेरीत याचं उत्तर करारात होतं. 1956 साली भारत-फ्रान्स करार झाला, 16 ऑगस्ट 1962 रोजी लागू झाला. तिथेच जन्मलेले, तिथेच राहणारे फ्रेंच नागरिक भारतीय झाले. फ्रेंच राहायचं असेल तर लेखी कळवायला सहा महिने मिळाले. फ्रेंच सैन्यातल्या अनेक निवृत्तांनी तसं कळवलंही.

गोव्यात करार नव्हताच. भारताने मार्च 1962 मध्ये आदेश काढला: 20 डिसेंबर 1961 पूर्वी स्वतः, आईवडील किंवा आजीआजोबा गोवा, दमण, दीवमध्ये जन्मले असतील तर तुम्ही भारतीय. नकार द्यायला मुदत फक्त एक महिना! गावोगावच्या माणसाला ती फारच अपुरी होती, असं मला ठामपणे वाटतं. पोर्तुगालने भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं ते 1974च्या करारात. पण जुन्या गोवेकरांचा, त्यांच्या मुला-नातवंडांचा पोर्तुगीज नागरिकत्वावरचा हक्क तिथल्या कायद्यात टिकून राहिला. म्हणून आजही गोव्यातली तरुण मुलं आजोबांचा जन्मदाखला शोधतात. आणि पोर्तुगीज पासपोर्ट घेतला की भारतीय नागरिकत्व गमावतात.